विमानात जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक कशी न्यायची: इंदूरहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं तिकीट बुकिंगचं काम इंदूरला राजवाड्याजवळ आहे. आमच्याकडून जाणारी बरीचशी मंडळी म्हणजे पुण्या-बंगलोरला मुलांकडे निघालेले आईवडील, नाहीतर लग्नाला निघालेलं अख्खं खटलं. निघायच्या आदल्या रात्री साडेदहाला हमखास फोन येतो, ताई पॉवर बँक कुठल्या बॅगेत टाकू? तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की आता सगळे एका जागी लिहून काढलेत. सोपे वर आहेत, अडनिडे खाली. आणि प्रश्न २ चं उत्तर तेवढं सोडू नका, ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे नियम आपोआप कळतात.

१. स्पेअर बॅटरी नेमकं कशाला म्हणतात? पॉवर बँक तर चार्जर झाला ना?

जी बॅटरी कुठल्या वस्तूत बसवलेली नाही, सुटी आहे, ती स्पेअर. कॅमेऱ्यात बसवलेली बॅटरी म्हणजे कॅमेऱ्याचा भाग, पण त्याच कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी पाउचमधे असेल तर ती स्पेअर. पॉवर बँक दिसते चार्जरसारखी, पण तिच्या आत लिथियमचे सेलच असतात आणि तिचं काम दुसऱ्याला वीज देण्याचं, म्हणून नियमात ती स्पेअर बॅटरीच धरतात. भिंतीत लावायचा साधा चार्जर आणि केबल यात बॅटरी नसते, ते कुठेही टाका.

२. चेक-इन बॅगेत का नाही चालत? उलट सामानात गेली तर माणसांपासून लांब राहील ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही, वरवर तसंच वाटतं. पण लिथियमची आग साध्या आगीसारखी नसते. सेलच्या आत शॉर्ट झाला, किंवा बाहेरून किल्ली-नाणं टेकून टोकं जुळली, की सेल तापतो, एका मर्यादेपुढे तो स्वतःच स्वतःला तापवत जातो आणि शेजारच्या सेललाही पेटवतो. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन गॅस असतो, त्याने ज्वाळा दबते, पण तापलेला सेल गार होत नाही, तो गॅस ओसरला की परत धुमसतो. आणि तिथे उड्डाणात कोणी जाऊ शकत नाही. याउलट केबिनमधे धूर दिसला की दहा जण ओरडतात, क्रू धावत येतो आणि पाणी ओतून ती वस्तू गार करत राहतो, कारण इथे खरं औषध गार करणं हेच आहे.

दोन घटना सांगते म्हणजे फरक लक्षात येईल. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून उडालेल्या एका मालवाहू बोईंग ७४७ मधे लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता, त्या मालात आग लागली, कॉकपिट धुराने भरलं आणि दोन्ही वैमानिक गेले. दुसरी घटना आपल्याकडची, १९ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीहून दिमापूरला निघालेलं विमान रनवेकडे जात असताना एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली, ती पुढच्या सीटच्या खिशात होती, क्रूने काही सेकंदात विझवली, कोणाला काही झालं नाही. तीच जर खाली सुटकेसमधे असती तर? म्हणून बॅटरी माणसांजवळ ठेवायची, डोळ्यासमोर.

३. माझी पॉवर बँक चालेल की नाही हे कसं ओळखू? त्यावर २०००० एमएएच लिहिलंय.

विमानवाले एमएएच मोजत नाहीत, वॉट-अवर मोजतात, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज साठते ते. हिशोब पाचवीच्या पोराला जमेल असा आहे, एमएएचला १००० ने भागा आणि व्होल्टने गुणा. पॉवर बँकच्या आतल्या सेलचं व्होल्टेज बहुतेक ३.७ असतं. म्हणजे १०००० एमएएचची झाली ३७ वॉट-अवर, २०००० ची ७४, २७००० ची ९९.९ आणि ३०००० ची १११.

आता मर्यादा. १०० वॉट-अवरपर्यंत कोणाला विचारायची गरज नाही, हँड बॅगेत ठेवा आणि जा. १०० च्या वर १६० पर्यंत असेल तर एअरलाईनची आधी परवानगी लागते आणि अशा फक्त दोन स्पेअर नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही, ना हातात ना सामानात, व्हीलचेअरची बाब तेवढी वेगळी आहे ती प्रश्न १४ मधे. बाजारात २७००० एमएएचच्या पॉवर बँका का मिळतात हे आता कळलं असेल, त्या मुद्दाम १०० च्या आत बसवलेल्या असतात. नवीन घेणार असाल तर माझं मत, १०००० नाहीतर २०००० चीच घ्या, ३०००० च्या नादी लागू नका, चार तास जास्त फोन चालवण्यासाठी दरवेळी परवानगीच्या मागे कोण लागणार.

४. पण आउटपुट ५ व्होल्ट लिहिलंय, मग २०००० ला ५ ने गुणलं तर बरोब्बर १०० येतात. हे कसं?

इथे पुष्कळ जण अडकतात, सिक्युरिटीच्या रांगेत वादही घालतात. ५ व्होल्ट हे बाहेर पडणाऱ्या विजेचं आहे, आत साठवलेली वीज ३.७ व्होल्टच्या सेलमधे असते आणि ते २०००० एमएएचसुद्धा त्या सेलचेच असतात, म्हणून गुणाकार ३.७ नेच. त्याच पॉवर बँकवर बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी म्हणून १२००० च्या आसपास आकडा दिसेल, तो ५ व्होल्टवर बाहेर काय मिळेल त्याचा असतो. यात गोंधळून जायचं कारण नाही, चांगल्या कंपनीच्या वस्तूवर वॉट-अवर थेट छापलेलेच असतात, इंग्रजीत डब्ल्यू मोठा आणि एच छोटा असं जोडून. तो आकडा दिसला की हिशोब करूच नका, तोच दाखवा.

५. आमच्या पॉवर बँकवरचं सगळं पुसून गेलंय, किंवा काही छापलेलंच नव्हतं. चालेल?

नाही चालणार असंच धरून चला. सिक्युरिटीवाल्याने ती किती वॉट-अवरची हे ओळखायचं कशावरून? तो काढून ठेवतो आणि ती परत मिळत नाही. जेल रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या बिनानावाच्या पॉवर बँका मी तर घरीसुद्धा वापरू नका म्हणते. आपल्याकडे पॉवर बँकेला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, मागे त्या खुणेबरोबर आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो बघून घ्या. पुसत चाललेल्या अक्षरांवर पारदर्शक सेलोटेप आत्ताच लावून टाका, माझ्या पॉवर बँकवरची चार वर्षांपूर्वीची अक्षरं अजून वाचता येतात ती त्या टेपमुळेच.

६. एका माणसाने किती न्यायच्या?

१०० वॉट-अवरच्या आतल्या स्पेअर बॅटऱ्यांची आंतरराष्ट्रीय नियमातली मर्यादा एका प्रवाशामागे २० ची आहे, यात कॅमेऱ्याच्या, ड्रोनच्या, सगळ्या आल्या, फक्त पॉवर बँका मार्च २०२६ पासून माणशी दोनच. पण एअरलाईनला याहून कडक नियम करायची मोकळीक आहे आणि पॉवर बँकेच्या बाबतीत बऱ्याच जणींनी तसे केलेत, प्रश्न २० बघा. आणि ज्या काही नेता त्या तुमच्या स्वतःच्या वापराच्या हव्यात. डब्यात बंद नव्याकोऱ्या दहा पॉवर बँका विकायला नेतोय असं दिसलं की तो प्रवाशाचा सामान राहत नाही, माल होतो, त्याचे नियम वेगळे.

७. विमानात बसल्यावर पॉवर बँकने फोन चार्ज करू शकते का? आणि वरच्या कप्प्यात ठेवू का?

दोन्हीला नाही. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या आपल्या सरकारी खात्याने, नोव्हेंबर २०२५ मधे सर्क्युलर काढलं, त्याप्रमाणे विमानात पॉवर बँकने काही चार्ज करायचं नाही, सीटच्या सॉकेटमधे लावून पॉवर बँक चार्ज करायची नाही, आणि पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही. जवळ ठेवायची म्हणजे खांद्याच्या छोट्या पिशवीत, पायाशी, सीटखाली.

वरचा कप्पा का नको याचं उत्तर बुसानला मिळालं. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एका एअरबसच्या मागच्या बाजूच्या ओव्हरहेड कप्प्यात आग लागली, सगळे १७६ जण घसरगुंडीवरून बाहेर पडले म्हणून वाचले, विमानाचं छत जळून गेलं. बंद कप्प्यात, चार बॅगांच्या खाली धुमसणारी वस्तू दिसतच नाही, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. फोन घरूनच शंभर टक्के भरून निघा, विमानतळावर बसायला मिळालं की तिथल्या पॉइंटवर पुन्हा भरा.

८. फोन सीटच्या फटीत पडला तर? मी तर सीट मागेपुढे करून काढते.

कृपा करून नका करू. सीटच्या खालच्या लोखंडी भागात फोन चेपला की बॅटरी फुटते आणि तिथेच पेटते. सीट हलवायची नाही, स्वतःही उठून खाली चाचपडायचं नाही, बटण दाबून क्रूला बोलवायचं, ते काढून देतात. आमच्या एका काकूंना हे आधी सांगितलेलं होतं, मुंबईच्या फ्लाइटमधे त्यांचा फोन खरंच पडला आणि त्या लाजत होत्या बोलवायला, शेवटी शेजारच्या मुलीने बटण दाबलं. त्यात लाजायचं काय, त्यांचं ते कामच आहे.

९. सुटी बॅटरी पॅक कशी करायची? नुसती पर्समधे टाकली तर चालते ना?

पर्समधे किल्ल्या असतात, चिल्लर असते, सेफ्टी पिन असते, हे सगळं लोखंड-पितळ बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकलं की झाला शॉर्ट. म्हणून नियम सांगतो की प्रत्येक सुट्या बॅटरीची टोकं झाकलेली हवीत. सगळ्यात उत्तम ती ज्या डबीतून आली तीच डबी. ती गेली असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा, मी विजेच्या कामाची काळी टेप वापरते, ती निघतानाही चिकट डाग सोडत नाही. मग एकेक बॅटरी वेगळ्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सराफ्यातून कानातले आणताना मिळतात ना तसल्या झिपच्या पिशव्या यासाठी अगदी मापाच्या आहेत. पॉवर बँकचं बटण दाबलं जाऊन ती चालू होणार नाही असं बघा, तिच्यात केबल खोचून ठेवू नका. सिक्युरिटीच्या ट्रेमधे हे सगळं बाहेर काढून ठेवलं की पुढे बॅग उघडायला लावत नाहीत, बहुतेक वेळा.

१०. हँड बॅग गेटवरच काढून घेतली आणि टॅग लावून खाली टाकली, त्यात पॉवर बँक होती. मग?

हे इंदूरकरांना नीट समजून घ्यायला हवं, कारण इथून छोटी एटीआर विमानं जातात, त्यांचे वरचे कप्पे लहान, साधी ट्रॉलीसुद्धा मावत नाही, मग ती जिन्याखालीच घेऊन सामानात टाकतात. ज्या क्षणी तुमची हँड बॅग खाली गेली त्या क्षणी ती चेक-इन बॅग झाली, आणि तिच्यात पॉवर बँक, सुटी बॅटरी राहता कामा नये. टॅग लावणारा घाईत असतो, दरवेळी विचारेलच असं नाही, लक्षात आपणच ठेवायचं.

माझं स्वतःचं सांगते. मे महिन्यात आईला घेऊन निघाले होते, जिन्यापाशी बॅग मागितली, दिली, दोन पायऱ्या चढले आणि आठवलं की पॉवर बँक तळाशी आहे. वर दोन किलो शेव, आईची औषधं, तिची शाल, चिवड्याचा डबा. तिथेच उन्हात, तापलेल्या सिमेंटवर बॅग उघडून एकेक वस्तू बाहेर काढली, मागे रांग थांबलेली, आई म्हणत होती राहू दे गं. काढली तेव्हा ती उन्हापेक्षा गरम लागत होती, कारण मी केबल तशीच खोचून ठेवली होती आणि दुसऱ्या टोकाला आईचा जुना फोन चार्ज होत होता. तशीच खाली गेली असती. त्या दिवसापासून पॉवर बँक ट्रॉलीत टाकायची नाहीच, वेगळी कापडी पिशवी करायची, त्यात पॉवर बँक, बॅटऱ्या, औषधं, चष्मा, आणि ती पिशवी गळ्यात. ट्रॉली कोणी कुठेही नेऊ दे.

११. पेन्सिल सेल, टॉर्च, बाबांच्या कानाच्या मशीनचे सेल, यांचं काय?

दुकानात मिळणारे साधे अल्कलाइन पेन्सिल सेल आणि रिचार्ज होणारे निकेलवाले, यांना लिथियमचा नियम लागू नाही, हातातही चालतात आणि सामानातही, फक्त सुटे असतील तर टोकं झाकायची, प्रश्न ९ प्रमाणे. जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी आपल्या विमानतळांवर हँड बॅगेतल्या टॉर्चचे आणि कॅमेऱ्याचे सेल काढून घ्यायचे, म्हणून आजोबा लोक अजून घाबरतात. कानाच्या मशीनचे बटणासारखे सेल झिंक-एअरचे असतात, त्यांना काहीच अडचण नाही. सेलच्या पानावर तपकिरी खूण म्हणजे ३१२ नंबर, नारिंगी म्हणजे १३, हे पाठ ठेवा कारण परगावी दुकानात तेच सांगावं लागतं. अख्खं पान जवळ ठेवा, चेक-इनचं सामान यायला उशीर झाला तर बाबांना दोन दिवस ऐकू येणार नाही.

पेन्सिल सेलच्याच आकाराचे लिथियमचे सेलही मिळतात, महाग असतात आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं, ते सुटे असतील तर मात्र हातातच. गाडीच्या किल्लीत आणि वजनकाट्यात बसतो तो गोल चपटा सेलही लिथियमचाच. अशा रिचार्ज न होणाऱ्या सेलमधे वॉट-अवर बघत नाहीत, आतलं लिथियम २ ग्रॅमपर्यंत चालतं, आणि घरात वापरायचे हे सगळे सेल त्याच्या खूप खाली असतात.

१२. आमचा लग्नाचं शूटिंग करायचा धंदा आहे, दोन कॅमेरे, एक ड्रोन, लाईटच्या मोठ्या बॅटऱ्या. सगळं कसं न्यायचं?

तुमच्यासारख्यांचं सामान मला पाठ झालंय. मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १६ वॉट-अवरची असते, ७.२ व्होल्ट आणि २२८० एमएएच असा हिशोब करून बघा, दहा नेल्या तरी काळजी नाही. छोट्या ड्रोनची १८ च्या आसपास, मोठ्या ड्रोनची ७७ किंवा ९० च्या पुढे, पण १०० च्या आत. अडचण येते ती लाईटला आणि मोठ्या कॅमेऱ्याला लावतात त्या व्ही-माउंट बॅटरीची. ती ९८ ची मिळते आणि १५० ची पण मिळते, दिसायला जवळपास सारखीच. ९८ वाली प्रश्न ६ च्या मोजणीत जाते. १५० वाली फक्त दोन, आणि त्याही एअरलाईनला आधी लिहून परवानगी घेतली तरच.

आमच्या ओळखीतला एक मुलगा उदयपूरच्या लग्नाला १५० च्या चार घेऊन निघाला, परवानगी एकाचीही नाही, काउंटरवर अडकला. मित्र सोडायला आलेला होता म्हणून चारही त्याच्याकडे परत गेल्या, नाहीतर तिथेच टाकाव्या लागल्या असत्या, आणि तिकडे हळदीचं सगळं शूटिंग त्याने भाड्याच्या लाईटवर केलं. टीममधे तिघं असाल तर बॅटऱ्या तिघांच्या हँड बॅगांमधे वाटून घ्या, मर्यादा माणशी आहे. ड्रोन खाली सामानात गेला तरी त्याच्या सुट्या बॅटऱ्या वरच. आणि मेलवर आलेल्या परवानगीचा कागद छापून जवळ ठेवा, फोनची रेंज नेमकी काउंटरवर जाते.

१३. सीपॅप मशीन (झोपेत श्वासाला मदत करणारं) आणि घरचा छोटा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर न्यायचाय, त्याच्या बॅटऱ्यांना सूट आहे का?

मशीनला सूट आहे, बॅटरीची मर्यादा तीच, १०० पर्यंत मोकळी आणि १६० पर्यंत परवानगीने दोन. सीपॅप विमानात वापरायचंच नसेल तर फार विचारत नाहीत, डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. कॉन्सन्ट्रेटर विमानात चालू ठेवायचा असेल तर मात्र तिकीट काढतानाच एअरलाईनशी बोला, त्यांचा फॉर्म असतो, डॉक्टरांची सही लागते, आणि बऱ्याच कंपन्या म्हणतात की प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी बॅटरी जवळ हवी. इंदूर-दिल्ली दीड तासाचं वाटतं, पण विमान थांबलेलं असताना, उतरल्यावर, पुढच्या गेटपर्यंत जाताना, हे सगळं धरून मोजा. आपला स्वतःचा ऑक्सिजन सिलेंडर वेगळी गोष्ट आहे, तो असा नेता येत नाही.

१४. आजींची बॅटरीवाली व्हीलचेअर आहे, तिची बॅटरी तर १६० च्या वर जाते.

व्हीलचेअरला वेगळा नियम आहे आणि तो माणसाच्या बाजूचा आहे. लिथियमची बॅटरी काढता येत असेल तर ती काढून हातात न्यायची, ३०० वॉट-अवरपर्यंत चालते, खुर्ची दोन बॅटऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येकी १६० पर्यंत. शिवाय जास्तीची म्हणून ३०० पर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन नेता येतात. जेल किंवा सीलबंद लेड बॅटरी घट्ट बसवलेली असेल तर खुर्चीतच राहते. पण हे सगळं एअरलाईनला आधी कळवून, किमान दोन दिवस आधी, बॅटरीचा प्रकार, व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहून. खुर्चीच्या बॅटरीच्या स्टिकरचा फोटो काढून पाठवा, बोलण्यात आकडे चुकतात. बॅटरी कशी काढायची हे घरच्या एकाला तरी येत असू द्या, काउंटरवरच्या मुलाला ते माहीत नसतं आणि आजी ताटकळतात.

१५. लॅपटॉप चेक-इनमधे टाकू का? आणि घरचे जुने बंद फोन?

बॅटरी आत बसलेली आहे म्हणून नियम थोडा सैल आहे, सामानात टाकता येतो पण पूर्ण बंद हवा, नुसता झाकण लावून झोपवलेला नको, आणि कपड्यांमधे नीट गुंडाळलेला हवा. तरी माझा सल्ला हातातच न्या. मोठ्या लॅपटॉपमधे १०० वॉट-अवरच्या अगदी कडेला असलेली बॅटरी असते, म्हणजे एका मोठ्या पॉवर बँकइतकी. जुने फोनही तसेच, फक्त त्यातला कुठला फुगलेला नाही ना ते बघा, प्रश्न १७.

१६. ड्रिल मशीन नेतोय, मुलाच्या नवीन फ्लॅटवर पडदे लावायचेत. हातात की सामानात?

दोन्हीकडे! ड्रिल हे हत्यार, ते केबिनमधे नेऊ देत नाहीत, म्हणून मशीन आणि पाती चेक-इनमधे. पण तिची लिथियमची सुटी बॅटरी सामानात चालत नाही, ती हातात. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर, मर्यादेत बसते. मशीनपासून बॅटरी वेगळी करून टेप लावा.

१७. पॉवर बँक जराशी फुगलीये पण चार्ज नीट होते. चालेल का?

नाही. हातात नाही, सामानात नाही, कुठेच नाही. फुगलेली, पडून चेपलेली, भिजलेली, चार्ज होताना हात भाजेल इतकी तापणारी, किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी विमानात न्यायला बंदीच आहे. ओळखायची सोपी खूण, सपाट टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा, डुलली तर आतून फुगली. काही जण टाचणीने हवा काढू म्हणतात, बाप रे, असलं काही करू नका, तिथेच पेट घेईल. घरातल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, आपल्या इंदूरच्या कचरागाडीला घातक आणि ई-कचऱ्याचे डबे वेगळे असतात, त्यात द्या, गाडीवाल्या भाऊंना सांगून द्या.

१८. यूपीएसची बॅटरी, इन्व्हर्टर, मुलाची बॅटरीवाली स्कूटर?

इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॉट-अवर, शिवाय आत ॲसिड, विषयच संपला. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसची सीलबंद बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर, म्हणजे ८४, ती नियमात बसू शकते, कारण न सांडणाऱ्या बॅटरीला १२ व्होल्ट आणि १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी आहे, पण एअरलाईनला न विचारता नेऊ नका, ती तिकडेही मिळतेच. उभं राहून चालवायच्या स्कूटर आणि हॉवरबोर्ड बहुतेक एअरलाईन घेतच नाहीत. चाकं असलेली, यूएसबी पॉइंटवाली स्मार्ट सुटकेस असेल तर तिची बॅटरी बाहेर निघते का ते विकत घेतानाच बघा, सामानात देताना ती काढून हातात ठेवावी लागते, निघतच नसेल तर सुटकेस नाकारतात. ई-सिगारेट तर २०१९ च्या कायद्याने देशातच बंद आहे, त्याबद्दल मला विचारू नका.

१९. मग सरळ कुरिअरने पाठवली तर?

रेल्वे-रस्त्याने जाणाऱ्या कुरिअरने जाऊ शकते, पण पार्सलवर आत बॅटरी आहे हे खरं लिहा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पार्सलमधे कपडे लिहून आत पॉवर बँक टाकणं हे तर सगळ्यात वाईट, कारण मग ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि प्रश्न २ मधलं तेच संकट दुसऱ्यांच्या डोक्यावर जातं.

२०. मुलाकडे परदेशी जातोय, मधे विमान बदलायचंय. इंदूरला चाललं म्हणजे पुढे चालेलच ना?

तसं धरू नका, ज्या ज्या एअरलाईनने जाल तिचा आणि ज्या देशात विमान बदलाल त्याचा, सगळ्यांचा नियम बघा आणि त्यातला सगळ्यात कडक पाळा. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक ठेवलीये, १०० वॉट-अवरच्या आतली, आणि विमानात वापरायची नाही. सिंगापूर एअरलाईन्समधे १ एप्रिल २०२५ पासून वापरायला बंदी. दक्षिण कोरियाच्या विमानांत १ मार्च २०२५ पासून वरच्या कप्प्यात ठेवता येत नाही. चीनमधे देशांतर्गत फिरणार असाल तर २८ जून २०२५ पासून त्यांची थ्री-सी खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती नसते, मग ती तिथेच सोडावी लागते. नवरा-बायको दोघं असाल तर एकेक, १०००० एमएएचची, आकडे स्पष्ट छापलेली, एवढ्यात जगात कुठेही सहसा अडत नाही.

२१. चुकून चेक-इनमधे गेलीच तर काय होतं? गप्प बसू का, कळणार थोडंच?

बॅग आत एक्स-रेमधून जाते आणि पॉवर बँक त्यात स्वच्छ दिसते. मग तुमच्या नावाची घोषणा होते, बोलावून तुमच्यासमोर बॅग उघडतात आणि ती काढून घेतात. घोषणा ऐकू आली नाही, तुम्ही चहा पीत बसलात, तर बॅग राहून जाते आणि तुम्ही पुण्याला पोचता बिनाकपड्याचे. म्हणून आठवल्या क्षणी काउंटरवर जाऊन सांगा, ते रागवत नाहीत, रोज होतं त्यांच्याकडे. बॅग आत गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं काउंटरच्या जवळपासच थांबायची सवय लावा.

आणि समजा सगळं पार पडलं, सीटवर बसलात, पट्टा लावला आणि तेव्हा आठवलं, तरीही सांगायचं. विमान हलायच्या आत क्रूला हळूच म्हणा की माझ्या अमुक रंगाच्या बॅगेत पॉवर बँक राहिलीये, बॅगेचा टॅग नंबर बोर्डिंग पासला चिकटवलेला असतो तो दाखवा. दहा मिनिटं उशीर होईल, चार लोक वळून बघतील, बघू देत.